सांड्याची रेघ

अंजू कर्णिक कुवेतच्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागातली नर्स. तिच्या लेकीने, अक्षराने, आईच्या रांगोळ्यांचे फोटो जोडून परस्पर अर्ज भरला आणि वाळवंटातल्या राखीव उद्यानाने अंजूला दहा दिवसांसाठी 'निवासी कलावंत' म्हणून बोलावलं. घरात सर्वांत मोठा धक्का बसला तो खुद्द कलावंताला. नवरा मोरेश्वर बँकेतला. तो म्हणाला, "रांगोळी काढायला एवढं लांब? इथे हवल्लीत आपल्या बिल्डिंगचा जिना रिकामाच आहे की!"

उद्यानात आणखी पाच कलावंत होते. कोणाची दाढी वाढलेली, कोणाची मतं. अंजूकडे दोन्ही नव्हतं, चहाची गाळणी होती. शेवटच्या दिवशी समिती एकाचं काम निवडणार आणि त्याचा फोटो उद्यानाच्या दालनात भिंतीवर कायमचा लागणार होता. अंजूला ती भिंत हवी होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

नियम एकच: बाहेरचं काही वाळूवर टाकायचं नाही. म्हणजे रंग बाद, रांगोळीची पूडही बाद. मग नऊ दिवस तिने जागोजागची वाळू चाळली. पांढरट, पिवळी, विटकरी. गुरुवारी संध्याकाळी तंबूपुढे बारा फुटी रांगोळी पुरी झाली.

शुक्रवारी सकाळी पाहते तो रांगोळीतून आरपार एक नागमोडी रेघ, दोन्ही बाजूंना नखांचे ठसे.

रखवालदार फारूक वाकून म्हणाला, "सांडा है, सिस्टर. काँटेवाली दुम की बड़ी छिपकली."

"त्याला दुसरा रस्ता नव्हता?"

"रास्ता तो उसी का है. बीच में आप आयी हैं."

समिती यायला तास होता. मोडलेली रांगोळी दिसली की हात आपसूक चिमूट भरतो, तशी तिने भरलीही. मग उकिडवी बसून ती रेघ पाहत राहिली. कुठे थरथर नाही, कुठे खाडाखोड नाही. बावीस वर्षं शिरा शोधणाऱ्या बाईला दुसऱ्याचा सराईत हात कळतो. तिने चिमटीतली वाळू एकेका ठशाशेजारी ठेवली, पांढरा ठिपका म्हणून. मग पुढचा ठिपका.

इतक्यात गाडी घेऊन मोरेश्वर आणि अक्षरा पोचले.

"आई, इट्स रुइन्ड!"

"अगं, ती रेघ बुजव," मोरेश्वर कुजबुजला. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय. तुम्ही तेवढे पाय मागे घ्या."

समितीच्या प्रमुख बिल्कीसबाई रांगोळीभोवती दोनदा फिरल्या. "ही मधली रेघ! कशी सुचली तुम्हाला?"

पाचही कलावंतांनी माना डोलावल्या, जणू त्यांना कालच सुचली होती. एक 'सुचली आपली' म्हटलं की भिंत अंजूची होती.

"ती माझी नाही," अंजू म्हणाली. "सांड्याची आहे. ठिपके माझे."

समितीत बराच वेळ खुसपुस झाली. शेवटी बिल्कीसबाईंनी विचारलं, "मग भिंतीवर नाव कोणाचं लावायचं?"

"दोघांचं," अंजू ताठ मानेने म्हणाली. "त्याचं आधी. तो इथला आहे."

पाटी तशीच लागली: सांडा आणि अंजू कर्णिक. मोरेश्वर त्या पाटीचा फोटो हवल्लीभर दाखवत फिरतो. हा सांडा कोण, असं कोणी विचारलंच तर छाती फुगवून सांगतो, "हिचा सहकारी. फार कमी बोलतो, पण हात काय आहे!"