चौदा नंबरची फ्रेम

शालननं निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटच्या उजेडात धरली, डोळा भिंगाला लावला आणि भावाच्या नाकाखाली मिशी शोधू लागली.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. सतरा वर्षं बेंगळूरच्या अ‍ॅव्हेन्यू रोडवरच्या त्या स्टुडिओत हेच बघत आल्यामुळं तिला उलटी माणसं सुलट्यांपेक्षा लवकर ओळखू यायची. पहिल्या तेरा फ्रेममध्ये शंभूराजच्या ओठावर पांढरी झुपकेदार रेघ होती. शिडाखाली उभा राहून मिशीला पीळ देतोय. बायकोच्या, नीरजाच्या, खांद्यावर हात टाकून हसतोय. खलाशांबरोबर दोर ओढायचं नाटक करतोय. चौदाव्या फ्रेममध्ये रेघ नव्हती. ओठ कोरा.

तिनं पट्टी पालथी करून बघितली. धूळ नाही, ओरखडा नाही, पाण्याचा डाग नाही. पंधराव्यात कोरा. सोळाव्यात कोरा. छत्तिसाव्या फ्रेममध्ये जहाज कोचीच्या धक्क्याला लागलेलं, मागं मासे धरायची ती चिनी जाळी. तिथंही कोरा.

“काय अक्का, रोल खराब आहे?” स्टुडिओचे मालक नरसिंह अण्णा मशीनजवळून कानडीत म्हणाले.

“नाही अण्णा. रोल चांगला आलाय.”

तिनं स्टूल ओढून घेतलं आणि बसली. एरवी ती पट्ट्या उभ्यानं कापायची.

त्यांच्या जातीत पुरुष मिशी एकाच कारणानं काढतो. आई मेली किंवा बाप मेला. बाप वीस वर्षांपूर्वी गेला. आई, सकवारबाई, गेल्या महिन्यात, बुधवारी सकाळी, शालनच्या मांडीवर गेली. त्या दिवशी शंभूराज लक्षद्वीपच्या पाण्यात होता. शिडाचं छोटं जहाज, बारा पाहुणे, अकरा दिवस, रोज नवं बेट. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच्या कंपनीनं चांगलं काम केल्याचं बक्षीस म्हणून सहल दिली होती. निघताना आईचं अंग सुजलं होतं, पण डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन महिने काही होत नाही. शंभूराजनं ते वाक्य तेवढं बरं लक्षात ठेवलं. पायाला हात लावून गेला. जाताना कोचीच्या एजंटाचा नंबर लिहून दिला, म्हणाला, “जहाजावर वायरलेस आहे अक्का, काळजीच नको.”

शालननं एसटीडी बूथवरून दोनदा फोन लावला. पलीकडचा माणूस दुसऱ्यांदा म्हणाला, निरोप गेला, जहाजावरून ‘मिळाला’ असं उत्तरही आलं. तिनं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग नातेवाईक नको नको म्हणत असताना स्वतः पुढं झाली आणि आईला अग्नी दिला.

शंभूराज नवव्या दिवशी आला. मिशी काढून आला. म्हणाला, कोचीला उतरल्यावर कळलं, तिथंच धक्क्यावरच्या न्हाव्याकडं बसलो. वायरलेस पहिल्या दिवसापासून बंद होता. निरोप आलाच नाही. असं म्हणून तो ढसाढसा रडला, आणि ज्यांना अग्नी द्यायला मुलगाच हवा होता त्या सगळ्यांनी त्याला पोटाशी धरलं.

मग राहिली कोण? शालन. निरोप आला नाही म्हणजे निरोप दिलाच नाही. बिनलग्नाची, चाळिशीची, आईच्या घरात राहणारी. हिला घर हवं होतं, म्हणून भावाला कळू दिलं नाही. तिचे काका मल्हारराव कॉटनपेटेतल्या घराघरांत जाऊन हे सांगत होते, आणि लोक चहा पाजून ऐकत होते. शेवटी त्यांनीच निवाडा केला. रविवारी, महिन्याच्या श्राद्धाला, चार माणसांसमोर शालननं भावाच्या पाया पडायचं. थोरली असली तरी. चूक झाली म्हणायचं. नाही म्हटली तर जातीतलं कुणी तिच्या दारात पाऊल टाकणार नाही.

शंभूराज या सगळ्यात काही बोलला नव्हता. न बोलणं त्याला पहिल्यापासून छान जमायचं.

रोल त्यानं दिलाच नव्हता. नीरजानं दिला. तिला कंपनीच्या मासिकात छापायला शिडाचा फोटो हवा होता. घरचे सगळे रोल शालनकडंच धुवायला यायचे. फोटो धुणारी बहीण म्हणजे त्या घराच्या लेखी घरातला नळ. सोडला की पाणी. नळ बघतो हे कुणाला सुचणार?

तिनं छत्तीसच्या छत्तीस फोटो छापले. एकही वगळला नाही. छापताना सतराव्या फ्रेमपाशी तिचा हात थांबला. शंभूराज शहाळं पितोय, ओठ कोरा, आणि मागं छोट्याशा धावपट्टीवर पांढरं विमान उभं. एकतिसाव्यात कप्तानाचा वाढदिवस होता. कुणीतरी शंभूराजच्या गालाला केक फासला होता आणि तो डोळे मिटून हसत होता. ते हसू शालनला ठाऊक होतं. लहानपणी आई न्हाऊ घालायची तेव्हा तो असाच हसायचा.

तिनं रंग नीट लावले. कातडी कातडीसारखी, समुद्र समुद्रासारखा. काम वाईट करायची तिला सवय नव्हती.

रविवारी श्राद्ध उरकलं, पानं उठली. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मल्हारराव मांडी घालून बसले होते, भोवती आठ-दहा माणसं. शालन मागच्या मोरीवर पातेली घासत होती. शंभूराज हात धुवायला आला. दहाव्याला मुंडलेल्या डोक्यावर आता खुरटे केस आले होते, मिशीही पुन्हा धरली होती.

“शंभू.”

“काय अक्का?”

“वायरलेस कधी बंद पडला होता?”

त्यानं नळ जरा जास्तच सोडला. “सांगितलं की. पहिल्या दिवसापासून.”

“आणि तुला कळलं कुठं?”

“कोचीला. किती वेळा तेच तेच?” मग आवाज मऊ करून म्हणाला, “हे बघ, मी काय तुझ्यावर आळ घेतलाय का? तू घाबरली असशील, नंबर चुकला असेल. होतं. बाहेर जा, वाक स्वल्प, जरासंच, विषय संपव. मला पण बरं वाटत नाही गं.”

“तुला बरं वाटत नाही?”

“माझ्या पाया पडतेस म्हटल्यावर कसं बरं वाटेल?”

शालननं पातेलं उपडं घातलं. पदराला हात पुसले. आत जाऊन पिशवीतलं स्टुडिओचं पाकीट काढलं आणि बाहेर आली.

“आली बघा,” मल्हारराव म्हणाले. “ये पोरी. शंभू, बस इथं पाटावर. लाज कसली, आपलीच माणसं आहेत.”

“पडते काका. त्याआधी नीरजाचे फोटो आलेत, ते देते.”

“अय्या, झाले?” नीरजा खांबाजवळून पुढं आली. शंभूराजनं बायकोकडं बघितलं, मग पाकिटाकडं, आणि तो पाटावरून अर्धा उठला.

“नंतर बघू,” तो म्हणाला. “ही वेळ आहे का?”

“बघू दे की,” मल्हारराव म्हणाले आणि पाकीट त्यांनीच घेतलं. “आम्ही काय समुद्र बघितलाय? आमचा समुद्र म्हणजे उल्सूरचं तळं.”

माणसं हसली, सरकून जवळ आली. शालननं फोटो क्रमानं लावले होते. मल्हारराव एकेक बघून पुढं देत होते. शीड. दोर. मिशीला पीळ. “राजा दिसतोय राजा.” बारावा. तेरावा. मग चौदावा त्यांच्या हातात आला आणि हातातच राहिला. त्यांनी चष्मा वर केला. तेरावा परत मागवून दोन्ही शेजारी धरले. मग पाकिटातले बाकीचे भराभर काढले, शेवटच्यापर्यंत.

शालन उभी होती. महिनाभरात पहिल्यांदा तिला पाठ ताठ करून उभं राहता आलं होतं.

“शंभू,” मल्हारराव म्हणाले, “ही मिशी तू जहाजावरच काढलीस?”

शंभूराज खाली बघत राहिला.

“म्हणजे निरोप आला होता?”

त्याचा हात नव्या मिशीकडं गेला.

“निरोप मी दिला होता काका,” शालन म्हणाली. “पोचला होता. तेरा आणि चौदाच्या मध्ये पोचला.”

मल्हाररावांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी चौदावा फोटो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

“बघा,” ते म्हणाले. “बघून घ्या. भर दर्यात, ना भटजी, ना न्हावी, ना आपलं एक माणूस. तरी रीत सोडली नाही पोरानं. हलत्या जहाजावर स्वतःच्या हातानं वस्तरा फिरवला. आजकालची पोरं? बेंगळूरात बसून काढत नाहीत!”

“खरंय हो,” कुणीतरी म्हणालं. “रक्त बोलतं शेवटी.”

“आणि कुणाला दाखवायला नाही. सांगितलं पण नाही आपल्याला. मनातल्या मनात ठेवलं.”

“पण आला नाही काका,” शालन म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. “सतरावा बघा. मागं विमान आहे.”

मल्हाररावांनी सतरावा शोधून काढला, बघितला. “हो की. छान आलंय विमान पण.” फोटो पुढं दिला. “अगं, जहाज म्हणजे काय बीटीएसची बस आहे, बेल मारली की उतरायला? बारा माणसांची सहल. एकट्यासाठी सगळ्यांचं वाटोळं करायचं? पोरानं दुःख गिळलं. केक फासला तरी हसला. त्याला छाती लागते.”

नीरजा तोंडाला पदर लावून रडू लागली. कशासाठी ते तिचं तिला ठाऊक. दोन बायका तिला धरून आत घेऊन गेल्या.

“आणि तुझंही झालं की मोकळं,” मल्हारराव शालनला म्हणाले, अगदी मायेनं. “निरोप दिला होतास म्हणजे. मग आधीच नीट सांगायचं ना. महिनाभर उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर. सरी, असू दे, आता पाया पडायची गरज नाही. शंभू, ऊठ.”

शंभूराज उठला नाही. पाटाच्या कडेला नखानं कोरत राहिला.

मल्हाररावांनी बाकीचे फोटो गोळा करून पाकिटात घातले आणि चौदावा तेवढा बाहेर ठेवला. धोतराच्या सोग्यानं त्यावरचा बोटाचा डाग पुसला आणि तो शालनच्या हातात दिला.

“याची मोठी कॉपी काढ. फ्रेम करून वहिनींच्या फोटोशेजारी लावू. पुढच्या पोरांना कळू दे, मुलगा कसा असतो.”

शालननं फोटो घेतला. कडेला धरला, अंगठा चित्रावर येणार नाही असा. सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं भावाकडं बघितलं.

“मॅट का ग्लॉसी?”

शंभूराजनं मान वर केली नाही.

“मॅट,” तो म्हणाला.