पार्सल

खोटं बोललात साहेब. ओसामा डोंगरात पडला नाही.

तुमच्या माणसाने त्याच्या मोबाइलमधले फोटो पाहिले, कड्याच्या टोकाला सायकल खांद्यावर घेऊन हसतानाचे, आणि तुम्ही कागदावर लिहून मोकळे झालात: जखमी इसम धाडसी खेळांचा शौकीन आहे, सबब निष्काळजीपणा त्याचाच. तो पाव आणायला निघाला होता. भिवंडीच्या निजामपुऱ्यात, स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी, तुमच्या पालिकेने खणून तसाच टाकलेल्या चरात पडला. चर पाण्याखाली होता, सळ्या चरात होत्या. एक सळई पोटरीतून आरपार गेली. जखम सडली आणि डॉक्टरांनी गुडघ्याखालचा पाय काढला.

आता पुढचं ऐका.

ओसामाच्या दोस्ताने, प्रितेशने, नकाशा पलंगावर पसरला. पंख्याच्या वाऱ्याने तो उडायला लागला तेव्हा ओसामाने एका टोकावर कुबडी ठेवली.

प्रितेश खारबावहून आला होता तो या सायकलफेऱ्याला नाही म्हणायला. वाटभर त्याने वाक्य जुळवलं होतं. पण ओसामाने त्याला तोंड उघडू दिलं नाही. सरळ पाण्यावर आला. पाणी कुठे भरायचं, साम्रदला कुणाच्या ओसरीवर झोपायचं, ब्रेकचे पॅड जास्तीचे का घ्यायचे. शेजारच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून तो बोलत राहिला.

कॉलेजात असल्यापासून दोघं हा फेरा आखत होते. भिवंडीहून शहापूर, कसारा घाट चढून घोटी, तिथून भंडारदऱ्याच्या कडेकडेने साम्रद. साम्रदच्या पुढे जमीन संपते. एका अंगाला सांदणची घळ, दुसऱ्या अंगाला करोली घाटाची पायवाट, थेट खाली डेहण्यात. त्या वाटेवर माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसावर बसते. डेहण्याहून शहापूर, मग घर. आणि या सगळ्याला एकच नियम होता. चाक आपल्या दारातून सुटलं पाहिजे आणि आपल्याच दारात थांबलं पाहिजे. सायकली गाडीला बांधून घाटाच्या पायथ्याशी उतरणाऱ्यांना ते पार्सल म्हणायचे. शहापूरच्या रस्त्यावर तशी गाडी दिसली की ओसामा मागून ओरडायचा, पार्सल आलं रे, सही कोण करणार?

"इथे एकाने आधी खाली उतरायचं," ओसामाचं बोट करोलीवर थांबलं. "दुसऱ्याने वरून दोरीने सायकल सोडायची. दोघं लागतात."

"तेच सांगायला आलोय. मी न्हाय जात."

"देवेशला सांगितलंय. दिघाशीचा. माझी सायकल घेऊन येईल."

"त्याला इचारलंस. मला न्हाय इचारलंस."

"तुला विचारलं असतं तर तू रडत बसला असतास."

प्रितेशला हसू आलं नाही. कोपऱ्यात ओसामाची सायकल चादरीखाली उभी होती. देवेश बुटका, सीट खाली करावी लागणार होती. प्रितेशने चादर काढली, सीटच्या दांड्यावर जिथवर ओसामाची उंची होती तिथे पांढरी टेप गुंडाळली, मग स्क्रू सैल केला. सगळे करतात तसं. परत आणल्यावर सीट पुन्हा त्याच खुणेला लावता येते.

ओसामा भिंतीला धरून, एका पायावर उड्या मारत तिथवर आला. नखाने टेपचं टोक उकललं, सगळी सोलून काढली, तिची गोळी करून खिडकीबाहेर टाकली. मग सीट खाली दाबली.

खुर्शीदखाला, ओसामाची आई, चहा घेऊन आली. तिने कप ठेवले आणि नकाशाकडे बघत उभी राहिली.

"हा डोंगरात गेला की मी नमाजाच्या मुसल्ल्यावरून उठत नसे," ती म्हणाली. "सुखरूप परत येऊ दे म्हणून. गल्लीसाठी दुआ मागायची असते, हे कधी सुचलंच नाही रे मला."

ती आत गेल्यावर दोघांनी चहा प्यायला. मग ओसामाने पेन घेतलं. नकाशावर निजामपुऱ्यापासून निघालेली जाड रेघ होती, तिचा सुरुवातीचा तुकडा पडघ्यापर्यंत खोडला.

"पडघ्यापर्यंत टेम्पो सांगितलाय. सायकली त्यात टाका. येतानाही तिथूनच."

प्रितेश त्याच्या हसण्याची वाट बघत राहिला. ते आलं नाही.

"पार्सल?" त्याने विचारलं.

"पार्सल."

"करोलीतून दोरीवर सायकल उतरवायला लावतोस मला, आणि इथून..."

"करोलीची भीती नाय वाटत मला. तिथे दगड हलला तर हलताना दिसतो." ओसामाने पेनाचं टोपण लावलं. "या गल्लीतून तू सायकलवर निघालास तर मी खिडकीतच उभा राहीन, प्रित्या. तू परत येईपर्यंत."

प्रितेशने नकाशाची घडी घातली. हो म्हणाला नाही. जुळवून आणलेलं वाक्यही पुन्हा बोलला नाही.

खाली उतरून त्याने आपली सायकल भिंतीपासून सोडवली. वर बघितलं नाही, पण खिडकीत कोण असणार ते त्याला ठाऊक होतं. सायकल हाताने ढकलत तो गल्लीच्या तोंडाशी आला. चर तसाच होता. कुणीतरी त्यात झाडाची फांदी रोवून लाल चिंधी बांधली होती. तुम्ही नव्हे, साहेब. त्याने चराला वळसा घातला. पुढे बाजाराचा रस्ता सपाट, कोरडा होता. तिथेही तो सायकलवर बसला नाही. रिक्षावाले हॉर्न मारत होते, एकाने विचारलं, पंक्चर क्या भाई? तो मान हलवून ढकलत राहिला. खारबाव लांब होतं.

कड्यावरून सायकल उतरवणारा माणूस डांबरी रस्त्याने चालत घरी गेला. म्हणून विचारतो. तुमच्या कागदात धाडसी खेळ लिहिलंय, तो नक्की कुठला? डोंगरातला, की पाव आणण्याचा?

उत्तर द्या. लेखी द्या.