इंजिनाशिवाय पळवलेली गाडी

जान्सेत गेल्याचं कळलं त्या दिवशी गाडीला चार चाकं होती, पण इंजिन नव्हतं. इंजिन साखळीला लटकत होतं आणि अनझोर त्याच्याखाली उभा राहून "हळू, हळू" असं स्वतःलाच बजावत होता. जान्सेत, त्याची बायको, पित्ताशयाच्या ऑपरेशनला दवाखान्यात गेली होती. ऑपरेशन साधं होतं. जाताना ती गॅरेजमध्ये डोकावून म्हणाली होती, "मी परत येईन तेव्हा इंजिन आत बसलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मी दुसरा मेकॅनिक करीन. आणि दुसरा नवराही."

फोन मुलीचा होता. दानेफ दोनदा "बाबा" म्हणाली आणि रडू लागली. अनझोरने साखळीची कडी खिळीला अडकवली, हात पुसले आणि गेला.

त्यानंतर अकरा आठवडे इंजिन तसंच लटकत राहिलं. शहराच्या बयादर भागातल्या गॅरेजांच्या गल्लीत लोक यायचे, इंजिनाला डोकं लागू नये म्हणून वाकायचे, आपल्या गाडीचं काम सांगायचे आणि वाकूनच परत जायचे. ते खाली घेऊ या असं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. अनझोर इतरांच्या गाड्या करत होता. कुणाला इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवून दे, कुणाचा सायलेन्सर बदल. कोपऱ्यातल्या जान्सेतच्या गाडीवर मात्र त्याने ताडपत्री टाकली होती. त्याच्या मनात एवढंच होतं, की गाडी पुरी झाली की जान्सेतचं शेवटचं कामही संपलं. मग तिच्यासाठी करण्यासारखं काही उरणार नाही. म्हणून ती पुरी करायचीच नाही.

जपानी बनावटीची, दोन दारांची, बसक्या छपराची ती जुनी गाडी दोघांनी मिळून भंगारातून उचलली होती. त्यामागे अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं एक प्रकरण होतं.

चेर्केसांमध्ये, म्हणजे अनझोर-जान्सेतच्या जमातीत, लग्नासाठी मुलगी पळवून नेतात. तिच्या मर्जीनेच. मुलाकडची एखादी बाई सोबत असते. मुलीला कुण्या मानाच्या माणसाच्या घरी नेऊन ठेवतात आणि मग वडीलधारे मुलीच्या बापाकडे जाऊन सांगतात, "मुलगी आमच्याकडे आहे, मानाने आहे, आता राग सोडा." बापाने थोडा वेळ रागवायचं असतं. भावाने पाठलाग करायचा असतो. सगळं रीतीप्रमाणे.

अनझोरने जान्सेतला वादी सीर या तिच्या गावाहून पळवलं ते चुलत्याच्या मालवाहू गाडीतून. मागे मेंढ्यांचा चारा भरलेला होता. जान्सेतचा भाऊ शूमाफ रीतीप्रमाणे पाठलागाला निघाला आणि नाऊर गावच्या चढावर त्यांना ओलांडून पुढे निघून गेला. पोरगी पळवणारा माणूस इतक्या हळू जात असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. दोघं मुक्कामी पोचले तेव्हा शूमाफ दारात उभा होता. त्यानेच बहिणीला हात देऊन खाली उतरवलं आणि विचारलं, "वाटेत चहाला थांबला होतात का?"

जान्सेतने हे आयुष्यभर ऐकवलं. "मला पळवली नाही, वाहून आणली," असं ती बायकांना सांगायची. भंगारातली गाडी आणली तेव्हा तिने बजावलं, "त्या रस्त्यावर मला एकदा नीट पळव. मागून येणाऱ्या माझ्या भावाला फक्त धूळ दिसली पाहिजे."

गाडीवरून दोघांची रोज भांडणं. त्याला ताकद हवी होती, तिला रूप. त्याने मागचं बाक काढून वजन उतरवलं, तर ती म्हणाली, "माझी पिशवी कुठे ठेवू?" तिने रंग निवडला तो कोवळ्या बदामाचा, मीठ लावून खातात त्या हिरव्या बदामाचा. तो म्हणाला, "शर्यतीची गाडी आहे की भाजीची?" चालकाच्या दाराला तिनेच फाटकाच्या खांबावर ठोकून पोचा पाडला होता. म्हणून ते दार तिनेच दुरुस्त केलं. पोच्यात लांबी, म्हणजे पुट्टी भरली, नाबलुसी साबणाच्या वडीला पॉलिश पेपर गुंडाळून चार दिवस घासलं, शेवटचा हात नुसत्या बोटांनी फिरवला आणि वर करडा प्रायमर मारला. रंग ऑपरेशननंतर द्यायचा ठरला होता.

एप्रिलअखेरच्या एका शुक्रवारी अनझोर जुम्म्याच्या नमाजाहून परतला. गल्ली बंद होती. रोजच्यासारखं गॅरेजात बसावं म्हणून त्याने दार उघडलं, तर इंजिन लटकत होतं आणि त्याच्यापलीकडे ताडपत्री नीट घडी घालून ठेवलेली होती. गाडी नव्हती.

त्याला पहिल्यांदा चोरी वाटली. मग विचार आला, इंजिन नसलेली गाडी कोण नेईल? तो बाहेर धावला आणि कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याच्या दुकानाचं दार बडवू लागला. "नायफ! अरे नायफ!" नायफ नव्हता. दानेफला फोन लावला, तर तिने तो कापला.

तासाभराने तीन माणसं गल्लीतून चालत आली. मधे नाऊरचे मानाचे वडीलधारे, ऐंशी वर्षांचे तालोस्तान आजोबा, डोक्यावर मेंढीच्या कातड्याची जुनी टोपी, हातात काठी. एका बाजूला शूमाफ, दुसऱ्या बाजूला नायफ. नायफच्या सदऱ्यावर नेहमीसारखे रंगाचे डाग होते, पण आज त्याने केस विंचरले होते.

आजोबा दारात उभे राहिले आणि खाकरले.

"अनझोर, तुझी मुलगी आमच्याकडे आहे. मानाने आहे. नाऊरला माझ्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली. आता राग सोड."

अनझोरला क्षणभर दानेफच वाटली. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग शूमाफ ओठ दाबून हसू आवरतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"गाडी?" तो म्हणाला. "तुम्ही गाडी पळवली?"

"रीतीप्रमाणे," शूमाफ म्हणाला. "सोबत घरची बाई होती. स्टिअरिंगवर दानेफ बसली होती आणि आम्ही दोरीने ओढत होतो. खरं सांगू दाजी, दोरीने ओढूनसुद्धा तुमच्यापेक्षा जोरात गेलो."

"चोर आहात तुम्ही सगळे! कुलूप कोणी उघडलं?"

"किल्ली मुलीने दिली," नायफ म्हणाला. "मुलीची संमती होती, उस्ताद. जबरदस्ती नाही."

"तू गप रे! तू चेर्केस तरी आहेस का?"

"मी मजुरीवर आलोय."

आजोबांनी काठी आपटली. "बापाने रागवायचं असतं. रागावलास, बरं केलंस. झालं आता. बोल, तुझ्या अटी काय?"

"माझी अट एकच. गाडी परत आणा आणि ताडपत्री टाका."

"तसं होत नाही," आजोबा शांतपणे म्हणाले. "माझ्या घरी आलेली मुलगी तशीच परत जात नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून एकही गेलेली नाही. जाईल ती वाजतगाजत, स्वतःच्या पायाने."

"तीच तर अडचण आहे," शूमाफने वर बोट दाखवलं. "मुलगी आमच्याकडे, पण काळीज तुमच्या साखळीला लटकलंय. आम्ही ते मागायला आलोय."

अनझोरने वर पाहिलं. इंजिनावर धूळ बसली होती आणि एका नळीत कोळ्याने जाळं केलं होतं. त्याला जान्सेतचे शब्द आठवले, दुसरा मेकॅनिक करीन. तिने खरंच केले होते, तीन. त्यातल्या एकाला बोनेट कुठल्या बाजूने उघडतं हेही ठाऊक नव्हतं. त्याला हसू आलं. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा आलं, म्हणून कर्कश आलं. मग रडूही आलं, आणि त्या तिघांनी माना वळवून गल्लीतल्या बंद दुकानांच्या पाट्या वाचायला घेतल्या.

"ऐका," तो नाक पुसत म्हणाला. "इंजिनाला हात मी लावणार. तुम्ही नुसते धरायला. नायफ, मागे डिकीवर शर्यतीच्या गाड्यांसारखा तो भलामोठा पंख लावायचा नाही. इस्त्रीचं टेबल वाटतं ते."

"छोटा लावतो."

"अजिबात नाही."

"अगदी छोटा, उस्ताद. वळणावर गाडी दाबून धरेल."

"एक वीत. त्यापेक्षा बोटभर जास्त नाही."

दोन आठवडे तालोस्तान आजोबांच्या अंगणात गॅरेज चाललं. अनझोरने इंजिन बसवलं, टर्बो जोडला, त्यासाठी रुंद सायलेन्सर नळी स्वतः वाकवून वेल्ड केली. शूमाफने आखूड स्प्रिंगा आणल्या आणि गाडी तीन बोटं खाली बसली. बोनेट फायबरचं आलं, ते आजोबा एका हाताने उचलून प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे. दानेफ शाळेतून मुलांना गणित शिकवून यायची, हाताला ग्रीस लावून घ्यायची आणि त्याच हातांनी चीज भरून तळलेले हलिवे खायची. नायफने रंग तयार केला. तो घेऊन तो मांडवाबाहेरच्या बदामाच्या झाडाखाली गेला, एक कोवळा बदाम तोडून डब्याशेजारी धरला, पिवळ्याचे चार थेंब घातले आणि मग बदाम खाऊन टाकला.

"पुरावा खाल्लास," शूमाफ म्हणाला.

"जुळला म्हणून खाल्ला."

रंग चढत गेला. चालकाच्या दारापाशी आल्यावर नायफने हात फिरवला आणि थांबला. "उस्ताद, इथे उंचसखल आहे. कुणीतरी बोटं दाबून घासलंय. पुन्हा लांबी भरून घासावं लागेल."

अनझोरने तिथे हात ठेवला. चार बारीक खळगे होते, शेजारी शेजारी.

"हे दार राहू दे," तो म्हणाला. "हे मी करीन."

नायफ रंगाची पिचकारी घेऊन गाडीच्या मागच्या बाजूला गेला.

पाठवणीच्या सकाळी सूर्य नुकताच वर आला होता. आजोबांच्या सुनेने गाडीच्या चाकांपुढे पाणी ओतलं. दानेफने करडं दार उघडलं आणि स्टिअरिंगपाशी बसली. अनझोर शेजारी बसला. मागे शूमाफ त्याच्या मोठ्या जर्मन गाडीत, रीतीप्रमाणे पाठलागाला.

"बाबा, पट्टा नीट लावा."

"हळू घे."

"हळू घ्यायला आलोय का आपण?"

नाऊरचा जुना चढ रिकामा होता. पहिल्या वळणापर्यंत दानेफने गाडी जपून नेली, मग पाय दाबला. टर्बोची शिट्टी वाजली, मागचा एक वितीचा पंख वळणावर गाडीला रस्त्याशी धरून राहिला, आणि अनझोरने दोन्ही हातांनी सीट धरली. चढाच्या माथ्यावर, जिथे शूमाफने एके काळी अनझोर आणि जान्सेतला ओलांडलं होतं, रस्त्याचं काम चाललं होतं आणि पन्नास पावलं नुसती माती होती. दानेफ तिथून सुसाट गेली. अनझोरने मागे वळून पाहिलं. धूळ होती, बाकी काही नव्हतं.

बयादरला पोचून त्यांनी चहा मागवला आणि तो अर्धा संपला तेव्हा शूमाफ आला. त्याची गाडी छपरापर्यंत मातकट झाली होती.

"या मेव्हणे," अनझोर म्हणाला. "वाटेत चहाला थांबला होतात का?"

शूमाफने टोपी झटकली. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. "अठ्ठावीस वर्षं हे वाक्य जपून ठेवलं होतंत का, दाजी?"

"मी नाही. तिने."

गाडी आता गॅरेजच्या दारात उभी असते, ताडपत्रीशिवाय. दानेफ शुक्रवारी ती घेऊन जाते. येणारेजाणारे विचारतात, सगळी हिरवी आणि एकच दार करडं, ही नवी फॅशन आहे का? नायफने उरलेला रंग डब्यात घट्ट बंद करून अनझोरच्या फळीवर ठेवला आहे, साबणाच्या वडीशेजारी.

ते दार अजून रंगवायचं राहिलं आहे.