मिरचीच्या सुतळीचा बचाव

राघवेंद्रसर गणित शिकवत आणि फुटबॉल टीव्हीवर पाहत. नांदेडच्या त्यांच्या शाळेतले खेळाचे शिक्षक निवृत्त झाले, तेव्हा मुलींचा संघ सरांच्या गळ्यात पडला. कारण ऑफसाइड म्हणजे काय, हे स्टाफरूममध्ये एकटे तेच सांगू शकत. तेही कुणी विचारलेलं नसताना.

पहिल्याच वर्षी लातूरच्या संघाने सात गोल चढवले. मग सहकाऱ्यांनी वर्षभर सरांना सातचा पाढा म्हणायला लावला. सर हसून साजरं करत, पण आतून जळत. लोक हसतील या भीतीत त्यांची पन्नाशी आली होती आणि सुधारण्याची लक्षणं नव्हती.

अशात एका संध्याकाळी त्यांनी देशाचा संघ तगड्या पाहुण्यांशी खेळताना पाहिला. पाच जण मागे रांगेत, चार त्यांच्यापुढे आणि एकटा बिचारा पुढे. नव्वद मिनिटं नुसता मारा सोसला आणि निकाल शून्य-शून्य. सरांना भरून आलं. हरायचं नाही, एवढंच तर त्यांनाही आयुष्यात हवं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाच-चार-एक मांडून झालं. मागच्या पाच जणींमधलं अंतर ढळू नये म्हणून सरावात त्यांना कमरेला एकाच सुतळीने बांधायचं ठरलं. सुतळी दिली गोलकीपरच्या वडिलांनी, खाजाभाईंनी. ते धर्माबादहून मिरची आणून विकत, आणि सुतळी पोत्यांवरचीच होती. पाच पोरी डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या आणि एकदमच शिंकल्या.

"रांग मोडली न्हाई, बघा," सर स्वतः शिंकत म्हणाले.

रांगेच्या मधोमध होती मनतशा. संघात गोल करणारी ती एकटीच, पण उंच म्हणून सरांनी तिला मागे ओढलं. तिची आई बिलकीस शिलाईकाम करी. तिने सरांना बजावलं होतं, "लातूरच्या सामन्याला राज्याच्या शिबिरासाठी निवड करणारे येणारेत म्हणं. निवडली तर खेळू द्या. न्हाई तर पुढच्या साली दहावी हाय, बूट माळ्यावर." सरांनी मान डोलावली होती. आणि तरीही तिला मागेच ठेवलं होतं.

लातूरच्या मैदानावर मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. सर छाती काढून येरझाऱ्या घालत होते. निवड समितीतले दोघे मांडवात जांभया देत होते. मनतशा पाण्याची बाटली घेऊन सरांजवळ आली.

"सर, मी वर जाऊ का?"

"अगं, देशाचा संघसुद्धा असाच खेळतो."

"देशाच्या संघाची अब्रू जाती, सर. आपण मागच्या साली सात खाल्लेत. आपलं काय जायचं राहिलंय?"

सरांजवळ उत्तर होतं, पण ते सांगायची लाज वाटली. जायचं होतं ते त्यांचंच नाक, आणि ते राखायला त्यांनी या पोरीला उभं केलं होतं.

"जा," ते म्हणाले. आवाज फार बारीक निघाला.

मधली जागा रिकामी झाली आणि लातूरने दहा मिनिटांत दोन गोल घातले. सरांना सातचा पाढा ऐकू येऊ लागला. मग मनतशाने मैदानाच्या मध्यावर चेंडू पकडला, तिघींना चकवलं आणि डावीकडच्या कोपऱ्यात गोल ठोकला. मांडवातल्या जांभया थांबल्या. त्यानंतर लातूरने आणखी दोन घातले, पण मांडवातले दोघे तिच्याकडेच बघत होते.

सामना संपला. चार-एक. दोघांतला एक जण वही घेऊन सरांकडे आला.

"ही पोरगी पहिल्या हाफात कुठं होती?"

पायात गोळा आला होता, असं उत्तर सरांच्या जिभेवर तयार होतं. आयुष्यभर अशी उत्तरं त्यांनी खिशात तयारच ठेवली होती.

"मी लपवून ठेवली होती," सर म्हणाले. "लोक हसतील म्हणून. तिला न्हाई, मला."

त्या माणसाने वही उघडली. मग त्याने मनतशाचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

सरांनी रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाती सरावातली गुंडाळून ठेवलेली सुतळी आली. तीच त्यांनी डोळ्यांना लावली आणि लगोलग शिंकले.

"सर, रडून राहिलात का?" मनतशाने विचारलं.

"मिरची हाय ती," सर म्हणाले. इतक्या वर्षांची बचावाची सवय एका दिवसात थोडीच सुटते.