बाटलीत उतरलेला खोकला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर बाटलीबाबा एकेकाच्या हाती नळी देत आणि फर्मावत, "फुंक. साचलंय ते सगळं पाण्यात सोड." माणूस फुंकायचा आणि बाटलीतलं नितळ पाणी बघता बघता दुधासारखं व्हायचं. "उतरला खोकला," बाबा जाहीर करत, की लोकांचे हात आपोआप जोडले जात.

शाळेच्या प्रयोगशाळेतला शिपाई रांगेत भिंतीला टेकून उभा होता. पंधरा दिवस त्याला धड झोप नव्हती. उबळ आली की श्वास घ्यायची सवड नाही, डोळे पांढरे व्हायचे आणि शेवटी खाल्लेलं बाहेर. डॉक्टर म्हणाले होते, "डांग्या दिसतोय. गोळ्या आजच सुरू करा, तान्ह्या बाळाजवळ फिरकू नका." डांग्या पोरांना होतो, आपल्याला कुठला, म्हणत त्याने चिठ्ठी खिशात कोंबली ती तिथेच राहिली. लेकीने बजावलं होतं, "अप्पा, खोकला गेला की मगच बाळाला आणीन." वीस दिवसांच्या नातीचं त्याने अजून तोंड पाहिलं नव्हतं.

त्याने फुंकलं. पाणी पांढरं झालं. "आता उरलाय तो नुसता आवाज," बाबा म्हणाले. "जा, नातीला मांडीवर घे. आणि ही दुसरी बाटली, या नळ्या, उद्यासाठी." त्याला खरंच हलकं वाटलं. इतक्या दमलेल्या माणसाला काहीही पटतं. बायकोने तिथूनच लेकीला फोन लावला.

घरी बाटली फळीवर ठेवताना तिच्या गळ्याशी धरलेलं पांढरं कडं त्याला दिसलं. बावीस वर्षं तो प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची असलीच कडी घासत आला होता. त्याने बायकोला हाक मारली.

"अगं, नवी नळी घे आणि यात फुंक."

"मला कुठे खोकला आहे?"

"म्हणूनच."

तिने फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"चुन्याची निवळी आहे," तो म्हणाला. "कोणाच्याही श्वासाने पांढरी होते. दर वर्षी वर्गासाठी मीच बनवतो, आणि आज तिच्यापुढे मीच हात..." पुढचं उबळीने खाल्लं.

बेल वाजली. तो धडपडत उठला आणि त्याने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"अप्पा, गेला ना खोकला?" बाहेरून लेक विचारत होती.

"नाही गेला. बाळाला घेऊन परत जा. मला नुसती धाप लागते, तिचा श्वास बंद पडेल." दाराला डोकं टेकून तो रडला. बाहेर बाळ कुरकुरलं आणि जिन्यावरून आवाज खाली गेला. मग त्याने खिशातली चिठ्ठी दाराखालून बायकोकडे सरकवली.

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर, डॉक्टरांना विचारूनच, त्याने नातीला मांडीवर घेतलं. पुढच्या सभेला तो निवळीची बाटली आणि नळ्यांचा गठ्ठा घेऊन दाराशी बसला. रांगेतल्या प्रत्येकाला सांगू लागला, "ज्याला खोकला नाही त्याला आधी फुंकायला लावा. मग काय ते ठरवा."

"तुमचाच अजून जात नाही की," कुणीतरी हसलं.

"नाही जात. दोन-तीन महिने राहील म्हणाले," तो खोकत म्हणाला. "पण आता तो नातीला लागत नाही. हे काम गोळ्यांनी केलंय, बाटलीने नाही. घ्या नळी, फुंकून बघा."