खव्याचा स्तूप

उजव्या अंगठ्याच्या नखात एक पांढरी कणी अडकली होती. साखरेची असती तर एव्हाना घामाने विरघळून गेली असती; खव्याची असती तर पिवळट दिसली असती. भारतने नख दाताखाली धरलं आणि लगेच सोडून दिलं. चव घ्यायची गरज नव्हती. ती कणी सोड्याची होती.

समोर पाटावर स्तूप उभा होता. गोल बुडाच्या पातेल्यात खवा दाबून, पातेलं उपडं करून काढलेला घुमट. त्रिज्या दहा सेंटिमीटर, म्हणजे घनफळ दोन लिटरच्या थोडं वर, म्हणजे बारा लिटर दूध... हा हिशेब त्याने आठवड्यापूर्वीच, दूध संस्थेत तपासणीच्या टेबलावर बसल्या-बसल्या, नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर मांडला होता. घुमटाभोवती चारोळीचा कठडा, चार दिशांना शंकरपाळ्यांची तोरणं, माथ्यावर उतरत्या मापाच्या तीन नानकटाया, छत्र म्हणून. बुद्धपौर्णिमेला विहारात दरवर्षी खीर असते. यंदा मधल्या टेबलावर हा ठेवायचा आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांनी मिळून खायचा, अशी त्याचीच कल्पना. सकाळपासून पोरं दारात येऊन विचारत होती, "दादा, खरंच खायचाय का ह्यो?"

खायचाच आहे. तीच तर अडचण.

घुमटाचा रंग मात्र... दाराच्या उजेडात बदामी, आत सरकवला की तपकिरी. म्हशीच्या दुधाचा खवा सोड्याशिवाय इतका तपकिरी होत नाही. त्याने कडेचा कण जिभेवर ठेवला. गोड. मग जिभेच्या मागे काहीतरी साबणासारखं. की माहीत आहे म्हणून लागतंय? ज्याला माहीत नाही अशा माणसाला चाखवल्याशिवाय हे ठरणार नाही. आणि ज्याला माहीत नाही अशा माणसाला चाखवायचं, म्हणजे...

पहाटे बारा घरांतून लिटर-लिटर दूध आलं होतं. जनावरं दुष्काळामुळे तेलगावच्या रस्त्यावरच्या चारा छावणीत, उसाच्या वाढ्यावर, नुसत्या शेंड्यांच्या पाल्यावर उभी. त्यात घरटी लिटर म्हणजे थोडं नव्हे. बारावी चरवी केशरबाईंची होती. ती खाली ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "घ्या सायेब. आधी नळीत घाला, मग पातेल्यात."

आई, मालनबाई, चुलीपाशी होती. "इश्श, वर्गणीचं दूध तपासतेत का कुटं? झाक बरं ती नळ्यांची पेटी."

त्याने पेटी झाकली. पण त्याआधी केशरबाईंच्या चरवीतलं दोन चमचे दूध नळीत काढून घेतलं, बूच लावलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं. सवयीने, असं तो सकाळी स्वतःला म्हणाला. बाकीच्या अकरा घरांचा नमुना त्याने घेतला नव्हता. मग सवय कसली?

गेल्या गुरुवारी, संस्थेतल्या भरल्या रांगेत, केशरबाईंच्याच दुधाची नळी गुलाबी झाली होती. दूध, तेवढंच अल्कोहोल, वरून रसायनाचे दोन थेंब. सोडा असला की गुलाबी, नसला की नुसतं मातकट. "परत," तो म्हणाला होता. मोठ्याने. एवढ्या मोठ्याने म्हणायची गरज होती का? केशरबाईंनी कॅन उचलला होता. "छावणीपासून इथवर दोन कोस हाय. ऊन काय मी लावलं व्हय रे? फाटू ने म्हणून टाकला चिमूटभर." मागून कोणीतरी हसलं होतं. आणि त्याला, खोटं कशाला, बरं वाटलं होतं. आपल्या वस्तीतल्या पोराने 'परत' म्हणावं आणि अख्ख्या गावाची रांग थांबावी... ते बरं वाटणं त्याने त्या दिवशी अचूकपणाच्या नावावर टाकलं होतं.

आणि आज बारा लिटर चुलीवर चढवण्याआधी त्याने चमचाभर दूध ज्योतीवर धरलं, तर त्यात बारीक कण दिसले. आंबटपणा चढला होता. तापवलं असतं तर सगळं फाटलं असतं. फाटक्या दुधाचा घुमट होत नाही. आई पाणी आणायला टँकरवर गेलेली. मी टाकला सोडा. चिमूटभर. फाटू नये म्हणून... अगदी त्यांच्याच शब्दांत.

"भारत! आण की रे, पंगत उठली!" विहारातून आईची हाक.

त्याने पेटी उघडली. फडक्यातून नळी काढली, अल्कोहोल ओतलं, रसायन ड्रॉपरमध्ये ओढून घेतलं. दोन थेंबांचं काम. गुलाबी झाली तर सोडा केशरबाईंच्या दुधात आधीच होता. मग माझी चिमूट त्यांच्या चिमटीत मिसळून जाईल, कोणाची किती हे सांगता येणार नाही. मातकट राहिली, तर रांगेत अपमान झालेल्या बाईने निर्मळ दूध दिलं, आणि स्तूपात सोडा आहे तो फक्त...

हो, गुलाबी. गुलाबीच हो.

हे तो मनात म्हणाला आणि त्याचा हात थांबला. दीड वर्षात हजारो नळ्या झाल्या असतील. एकाही नळीकडे त्याने काही मागितलं नव्हतं. की मागितलं होतं? त्या गुरुवारी, थेंब पडण्याआधी?

ड्रॉपरच्या टोकाला थेंब फुगला. पडला नाही.

त्याने तो बाटलीत परत सोडला, नळीला बूच लावून ती खिशात टाकली आणि पाट उचलला. विहारापुढच्या मांडवात पोरं ओरडली. टेबलाशी केशरबाई पदराने वारा घेत बसल्या होत्या.

"पैला तुकडा केशरबाईला," आई म्हणाली. "परत पाठिवलं तरी दूध दिलं माऊलीनं."

"मलाच कावून गं आधी? पोराला तपासायचं असंल," केशरबाई म्हणाल्या, आणि सगळा मांडव हसला. भारतही हसला. त्याने सुरी घुमटात घातली. काप आतून जास्तच तपकिरी होता. केशरबाईंनी हात पुढे करून तो घेतला. त्यांना ती चव माहीत होती. त्याच्याशिवाय अख्ख्या मांडवात ती चव ओळखणारं दुसरं माणूस नव्हतं.

"काकू," तो म्हणाला, "यात..."

केशरबाई तोंडाकडे नेलेला हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिल्या. खिशातली नळी मांडीला लागत होती, अंगाच्या उबेने कोमट झालेली. तिच्यात काय आहे ते त्याला अजून माहीत नव्हतं, आणि आता, एवढ्या माणसांत, ते माहीत नसल्याचं पहिल्यांदाच त्याला काही वाटत नव्हतं. पुढचा शब्द, सोडा, मात्र जिभेच्या मागे, त्या साबणासारख्या चवीपाशी, अडकून राहिला होता.