बाक आला की आले?

मंगळवार, १२ मार्च, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. विक्रीच्या वस्तू : ११८. खोलीत माणसे : तीन, तिघेही हसून बेजार.

कारण संगणकाच्या पडद्यावर उमटले होते, ‘खुर्ची तुमच्या यादीत आला आहे.’

फर्निचरच्या दुकानाचे हे संकेतस्थळ म्हणजे माझ्या सुनेने स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेले पहिले काम. मालकीणबाई अकराला पाहायला येणार होत्या. पसंत पडले तरच काम तिच्याकडे राहणार होते. तंत्रनिकेतनात बत्तीस वर्षे जोडकाम शिकवल्यामुळे तिची पद्धत मला मनापासून पटली होती. चित्र, नाव, बटण आणि निरोपाची पट्टी हे चार सुटे भाग तिने एकेकदाच घडवले होते. ते एकत्र बसवले की एका वस्तूचा चौकोन तयार, आणि तोच चौकोन ११८ ठिकाणी. मात्र पट्टी तिने ‘सोफा’ घालून तपासली होती, आणि सोफा पडला पुल्लिंगी.

“उशी आला, कपाट आला!” तिने कपाळावर हात मारला. “बाबा, सगळ्या घराला मिशा फुटल्या!”

“मग प्रत्येकीची पट्टी वेगळी लिही,” माझी पत्नी म्हणाली.

“आई, मग उद्या एक शब्द बदलायचा तर ११८ ठिकाणी हात घालावा लागेल.”

मी शिस्तीत बोट वर केले. “तीन मापांचे नट फिरवायचे असले की पान्याचा दांडा तोच ठेवतात, पुढचं टोक बदलतात. पट्टी एकच ठेव. वस्तूने आपलं लिंग सांगावं. पट्टीने आला, आली, आले यांतलं एक लावावं.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी खुर्चीला मिशा नव्हत्या.”

पट्टी सात मिनिटांत सुधारली. उरली वस्तूंची लिंगे. मी यादी वाचू लागलो, ही उत्तरे देऊ लागली, सून टंकू लागली.

“आरसा?”

“तो!”

“गादी?”

“ती!”

“स्टूल?”

“ते!”

वेग वाढत गेला. ही टाळ्या वाजवू लागली. वर्गात कधीही आवाज न चढवलेल्या मी पायाने ठेका धरला.

“जन्मभर नटबोल्ट मोजलेत,” ही म्हणाली, “आता कपाटांची लिंगं मोजा!”

११७ वस्तू अशा चौखूर निघाल्या. शेवटची अडली.

“बाक?”

“तो,” ही म्हणाली.

“ते,” सून त्याच क्षणी म्हणाली.

“आमच्या शाळेत तो बाक होता.”

“आमच्या शाळेत ते बाक होतं!”

दोघींनी माझ्याकडे पाहिले.

“मी बहुधा उभाच असायचो,” मी म्हणालो.

इतक्यात दाराची घंटा वाजली. बाकाच्या लिंगाची जागा रिकामीच राहिली.

मालकीणबाईंनी चष्मा लावून बटणे दाबायला सुरुवात केली. खुर्ची आली. आरसा आला. कपाट आले. सुनेने माझा हात घट्ट धरला. बाईंनी बाकाचे बटण दाबले. पट्टीला लिंग सापडले नाही, म्हणून तिने तेवढा शब्दच गाळला :

‘बाक तुमच्या यादीत आहे.’

“हे किती सुटसुटीत!” बाई म्हणाल्या. “सगळीकडे असंच नाही का करता येणार? की फार दिवस लागतील?”

सुनेने आमच्याकडे पाहिले, ओठ चावून हसू आवरले आणि पट्टीतला एक शब्द पुसला. खुर्ची यादीत आहे. आरसा यादीत आहे. कपाट यादीत आहे.

“अगं बाई, झालंसुद्धा? मग पुढचं कामही तुम्हीच करा.”

“म्हणजे तासभर मी ज्या मिशा काढल्या...” ही पुटपुटली, आणि आम्हा तिघांना पुन्हा हसू फुटले. बाईंना काहीच कळेना, तरी त्याही हसू लागल्या.

पुसलेले शब्द : १. सुधारलेल्या वस्तू : ११८.